जुन्या मोटारीची नवी धांव

वेरूळच्या पंधराव्या क्रमांकाच्या लेण्यांत, ज्याला दशावतार लेणें म्हणतात, त्रिपुरासुराच्या नाशासाठीं निघालेले भगवान् शंकर रथावर आरूढ झालेले कोरले आहेत. पुराणकथा सांगते कीं, त्या रथाचा सारथि ब्रह्मदेव होता, आणि सूर्य व चंद्र हीं त्याचीं दोन चाकें होतीं. शेजारच्या कैलास लेण्याच्या भिंतीवर महाभारताचा जो शिल्पपट आहे, त्यांतही रथांची दाटी आहे. बाराशें वर्षांहून अधिक काळ हे रथ तेथें उभे आहेत. ऊनपावसानें त्यांची कोर थोडीबहुत बोथट केली असेल. पण रस्त्यानें तीं चाकें झिजविलीं नाहींत, कारण तीं कधीं रस्त्यावर आलींच नाहींत.

ज्या चाकाला रस्त्यावर यावें लागतें, त्याचें नशीब निराळें. तें झिजतें, आणि झिजलें म्हणजे त्याचा रस्त्याला टेकणारा भाग बदलावा लागतो. वाहन जितकें जुनें, तितका हा प्रश्न अवघड. कारण गाडी एका काळची आणि तिला मिळणारें चाक दुसऱ्या काळचें, अशी गांठ पडते. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची एखादी स्पोर्ट्स मोटार हौसेनें जतन केलेली असेल, त्यांना ही अडचण परिचयाची आहे. त्या मोटारीचे मूळ पद्धतीचे टायर दुर्मिळ झाले आहेत, आणि बाजारांत जिकडे तिकडे रेडियल टायर आहेत. ते घालावेत कीं घालूं नयेत, आणि घालावयाचे तर कोणते, ह्याचें उत्तर दुकानाच्या फळीवर सांपडत नाहीं. तें चाकाच्या इतिहासांत सांपडतें. ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. धांवत्या मोटारीचा रस्त्याशीं संबंध चार टायरांच्या तळाशीं, प्रत्येकीं सुमारें तळहाताएवढ्या जागेपुरता असतो. आणि गाडींत बसलेल्यांचे प्राण त्या चार तळहातांवर असतात.

चाकाच्या ह्या बदलत्या भागाला मराठींत फार जुना शब्द आहे, तो म्हणजे धांव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवितात ती धांव. मध्यभागीं तुंबा, तुंब्यांतून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेला लाकडी घेर, आणि त्या सर्वांना बाहेरून कवटाळणारी धांव, अशी ही रचना आहे. लोहार धांव लाकडी घेरापेक्षां किंचित् लहान करतो, गोवऱ्यांच्या विस्तवांत ती तांबडी होईपर्यंत तापवितो, आणि तापून ती फुगली कीं चाकावर ठोकून बसवितो. वर पाणी पडतांच लोखंड आकसतें आणि सुटे सुटे आरे एकजीव होतात.

ह्या कामांत लोहाराचें खरें कसब मापांत आहे. धांव सैल राहिली तर थोड्याच दिवसांत निसटते. ती फार लहान केली तर थंड होतांना चाकाला इतकी आवळते कीं आरे वांकतात, क्वचित् फुटतातही. तेव्हां धांव जितकी जोरकस तितकी ती चांगली, असें लोहार मानीत नाहीं. चाकाला पेलेल तेवढाच जोर तिच्यांत असावा, हें तो जाणतो. गाडीवानाच्या आयुष्यांत एकाच गाडीची धांव कितीदां तरी बदलते, आणि धांव बदलली म्हणून गाडी दुसरी झाली असें गांवांत कोणी म्हणत नाहीं. ह्या दोन गोष्टी मनांत ठेवल्या म्हणजे मोटारीच्या टायराचा प्रश्न बराच सोपा होतो.

लोखंडाच्या जागीं रबर आलें तें एकोणिसाव्या शतकांत. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत कडक होई. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर ह्यांना १८३९ सालीं असें आढळून आलें कीं, गंधकाबरोबर तापविल्यास रबराला टिकाऊ लवचीकपणा येतो. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थांनीं हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें; परंतु त्या काळांत मोटारही नव्हती आणि सायकलही नव्हती, म्हणून ती कल्पना मागें पडली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट शहरांतील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप ह्यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर तयार केला, आणि तेथून त्याचा प्रसार झाला. १८९५ सालीं फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याच्या शर्यतींत हवेच्या टायरांची मोटार उतरविली. आपल्याकडे पुढें बैलगाडीलाही हीं चाकें लागलीं. साखर कारखान्यांच्या भागांत ऊस वाहणारी टायरगाडी कोणी पाहिली नाहीं?

हवेच्या टायरांत रबर हें केवळ कातडें होय. त्याचें बळ आंतील धाग्यांत असतें. टायराच्या पोटांत धाग्यांचे थर असतात, आणि हवेचा सारा ताण तेच सोसतात. जुन्या पद्धतींत हे धागे तिरकस घालीत. एका थराचे धागे उजवीकडे कललेले, तर त्यावरील थराचे डावीकडे, असे एकमेकांना छेदणारे. म्हणून अशा टायराला क्रॉसप्लाय म्हणतात. तो सर्व बाजूंनीं सारखाच ताठ असतो. पण बाजूची भिंत आणि तळ एकाच विणीचे असल्यामुळें भिंत वांकली कीं तळही मुरडतो. थर एकमेकांवर घासतात, उष्णता उत्पन्न होते, आणि रबर लौकर झिजतें. वळणावर असा टायर हळूहळू सरकूं लागतो, आणि पकड सुटण्यापूर्वीं चालकाला हाताखालीं त्याची जाणीव देतो.

ज्या मोटारींना आज आपण जुन्या स्पोर्ट्स मोटारी म्हणतों, त्यांपैकीं पुष्कळशा ह्याच टायरावर वाढल्या. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई ज्या होळकर घराण्यांतल्या, त्याच घराण्याचे इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव ह्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन ड्यूसेनबर्ग कंपनीची एस. जे. जातीची मोटार घेतली होती. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेचें, आणि वरची उघडी दोन आसनांची बांधणी लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारागिरांची. मराठी राजघराण्यांतील ह्या मोटारीची जगभरचे शौकीन अजून आठवण काढतात. एवढ्या बलाढ्य गाडीच्या चाकांवरही तिरकस धाग्यांचेच टायर होते, कारण दुसरे टायर त्या वेळीं नव्हतेच. त्याच सुमारास, १९३६ सालीं, बंगालमध्यें हुगळी जिल्ह्यांतील साहागंज येथें डनलप कंपनीचा कारखाना निघाला, आणि हिंदुस्थानांत टायर तयार होऊं लागले. महायुद्धानंतर इंग्लंडांत एम. जी. कंपनीची टी. सी. आणि १९४८ सालीं जग्वार कंपनीची एक्स. के. १२० ह्या मोटारी पुढें आल्या, त्याही क्रॉसप्लायवरच. त्यांच्या स्प्रिंगा, त्यांचे सांधे, त्यांच्या चाकांच्या तारा आणि त्यांचें स्टिअरिंग हें सारें त्या टायराचा स्वभाव गृहीत धरून आंखलेलें होतें.

रेडियल टायराचें पेटंट मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं घेतलें, आणि १९४९ पासून तो बाजारांत आला. त्याची युक्ति सांगावयास सोपी आहे. धागे तिरकस न घालतां एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, म्हणजे चाकाच्या त्रिज्येच्या दिशेनें घालावयाचे. आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखालीं पोलादी तारांचा अगर बळकट धाग्यांचा एक पट्टा स्वतंत्रपणें गुंडाळावयाचा. ह्या योगानें दोन कामें वेगळीं झालीं. बाजूची भिंत मऊ राहून खड्डे सोसते, आणि तळ पट्ट्यामुळें सपाट राहून रस्ता धरून ठेवतो. उष्णता कमी होते, टायर अधिक दिवस चालतो, पेट्रोल थोडें वांचतें, आणि ओल्या रस्त्यावर पकड चांगली राहते. भारतांत रेडियल टायर होऊं लागला तो राजस्थानांतील कांकरोली येथील जे. के. कंपनीच्या कारखान्यांत, १९७७ सालीं. आज तर वेरूळला जाणारा प्रवासी ज्या छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, निघतो, त्याच शहरालगत वाळूज येथें गुडइयर कंपनीचा रेडियल टायरांचा कारखाना आहे. लेण्यांपासून थोड्याच अंतरावर हीं दोन युगें नांदत आहेत.

मग जुन्या स्पोर्ट्स मोटारीला रेडियल टायर घालण्यास हरकत कोणती? येथें शौकिनांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जशी कारखान्यांतून आली तशीच गाडी राहिली पाहिजे. टायरही त्याच जातीचे हवेत. दुसरा म्हणतो, जुन्याचा हट्ट धरून जीव धोक्यांत कां घालावा? जो सर्वांत नवा, सर्वांत रुंद, सर्वांत घट्ट पकडणारा टायर असेल तो घालावा. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे, आणि दोघांचेंही उत्तर अपुरें आहे.

पहिल्या पक्षाचा दोष असा कीं, मूळ टायर जपण्याच्या भरांत त्याचें वय विसरलें जातें. वर्षाकांठीं दोन मिरवणुकांत फिरणाऱ्या मोटारीच्या टायरावरील नक्षी कोरी दिसते. चालत्या गाडीचा टायर गोटा झाला तर मालकाच्या डोळ्यांत भरतो. न चालणारीचा म्हातारा झालेला टायर डोळ्यांना दिसत नाहीं. रबर ऊन, हवा आणि काळ ह्यांनीं कडक होतें, भिंतींना बारीक चिरा पडतात, आंतील थर सुटूं लागतात. आणि एखाद्या दुपारीं महामार्गावर तो टायर फुटतो. म्हणून नक्षीपेक्षां जन्मतारीख पाहावी. २००० सालापासून टायराच्या भिंतीवर चार आंकड्यांची खूण असते. पहिले दोन आंकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला. दहा वर्षें उलटलेला टायर दिसण्यांत कितीही चांगला असला तरी वापरूं नये, असा सल्ला अनेक कारखानदार देतात. तीन आंकड्यांची खूण असेल, तर तो टायर गेल्या शतकांतला समजावा आणि संग्रहालयाच्या कामीं ठेवावा.

दुसऱ्या पक्षाचा दोष लोहाराला चटकन कळला असता. फार आवळणाऱ्या धांवेनें आरे मोडावेत, तशीच ही गोष्ट आहे. नवा, रुंद रेडियल टायर वळणावर रस्ता इतका घट्ट धरतो कीं, जो ताण पूर्वीं टायर सरकून सोडून देत असे, तो आतां चाकाच्या तारांवर, तुंब्यावर, सांध्यांवर आणि सांगाड्यावर येतो. त्या काळच्या कारागिरांनीं तेवढा ताण मनांत धरलेला नव्हता. उभ्या गाडीचें स्टिअरिंग जड होतें. शिवाय रेडियल टायर पुष्कळ वेळ धरून ठेवतो, पण सोडतो तेव्हां अधिक एकाएकीं सोडतो. जुन्या सूचनेवर विसंबलेल्या चालकाला सांवरण्यास वेळ मिळत नाहीं. रुंदी जितकी अधिक, तितके हे सर्व दोष अधिक.

तेव्हां जुन्या मोटारीला रेडियल टायर अवश्य घालावा. मात्र तो तिच्या मापाचा, अरुंद आणि उंच भिंतीचा असावा. मापाची ही गोष्ट उदाहरणानें पाहावी. एम. जी. कंपनीची एम. जी. बी. ही मोटार १९६२ ते १९८० पर्यंत निघत होती. तिचे आरंभींचे टायर ५.६० गुणिले १४ मापाचे क्रॉसप्लाय होते. म्हणजे रुंदी ५.६० इंच आणि आंतील रिमाचा व्यास १४ इंच. त्याच्या जागीं १६५ मिलिमीटर रुंदीचा व १४ इंची रिमाचा जुन्या पद्धतीचा रेडियल बसतो. जुन्या रेडियलवर भिंतीच्या उंचीचें प्रमाण छापलेलें नसलें तर तें रुंदीच्या सुमारें ८२ टक्के धरावें, असा संकेत आहे. त्या हिशेबानें ह्या टायराचा एकंदर व्यास सुमारें ६२६ मिलिमीटर येतो. आतां दुकानदारानें १६५ रुंदीचा, पण ६० टक्के उंचीचा टायर दिला, तर व्यास सुमारें ५५४ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ साडेअकरा टक्क्यांनीं कमी. गाडी तितकी खालीं बसते, इंजिनाला त्याच वेगासाठीं अधिक फेरे मारावे लागतात, आणि वेगदर्शक कांटा १०० दाखवीत असतांना खरा वेग ८८ च्या आसपास असतो. रिमांत टायर बसला म्हणजे तो गाडीला बसला, असें नव्हे.

वेगाचाही विचार हवा. टायरावर शेवटीं एक रोमन अक्षर असतें. एस म्हणजे ताशीं १८० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, आणि व्ही म्हणजे २४०. जग्वार एक्स. के. १२० च्या नांवांतील आंकडा हा तिच्या ताशीं १२० मैल वेगाचा होता, म्हणजे सुमारें १९३ किलोमीटर. तिच्या मूळच्या ६.०० गुणिले १६ मापाच्या क्रॉसप्लायऐवजीं १८५ रुंदीचा १६ इंची रेडियल येतो. पण त्यावर एस अक्षर असेल तर तो तिच्या शक्तीला अपुरा, एच किंवा त्यावरील पाहिजे. आज ती गाडी कोणी त्या वेगानें हांकणार नाहीं हें खरें. तथापि दोर विहिरीच्या खोलीचा असावा, त्या दिवशीं लागणाऱ्या पाण्याचा नव्हे.

आणखी तीन नियम आहेत, आणि ते मोडल्यास अपघाताला निमंत्रण आहे. तारांच्या चाकांत तारांचीं टोकें रिमाला भोंकें पाडून बसविलेलीं असतात, त्यामुळें रिम हवा धरीत नाहीं. म्हणून आंत ट्यूब घालावीच, आणि ती रेडियल टायरासाठीं केलेली असावी, कारण रेडियलची भिंत सारखी लवत असल्यानें साधी ट्यूब घासून फाटते. दुसरें, चारही टायर एकाच जातीचे असावेत. एकाच कण्यावर एक रेडियल व एक क्रॉसप्लाय कदापि घालूं नये. आणि पुढें रेडियल व मागें क्रॉसप्लाय असें तर मुळींच नको, कारण वळणावर पुढचीं चाकें रस्ता धरतात, मागचीं सुटतात आणि गाडी गरकन फिरते. तिसरें, गाडीच्या जुन्या पुस्तकांत दिलेला हवेचा दाब हा क्रॉसप्लायसाठीं आहे; रेडियलला बहुधा थोडा अधिक लागतो, आणि तो टायर करणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणें ठेवावा.

असे टायर मिळतात कोठें? देशांतील कारखाने मोठा खप असलेल्या आजच्या मापांकडे पाहतात, हें स्वाभाविक आहे. युरोपांत मिशेलिन, पिरेली, व्रेडेस्टाइन ह्या कंपन्या जुन्या मापांचे व जुन्या नक्षीचे रेडियल आजच्या रबरांत तयार करतात. मात्र जून २०२० मध्यें भारत सरकारनें नव्या टायरांची आयात निर्बंधित वर्गांत घातली, आणि शौकिनांची वाट बिकट झाली. मिळेल तें घालण्याचा मोह येथेंच उत्पन्न होतो. आणि म्हणूनच मापाचा विवेक येथें अधिक लागतो.

ह्यानंतर एक शंका उरते. टायर बदलला म्हणजे जुनी मोटार जुनी राहिली काय? कायद्यानें ह्याचें उत्तर दिलें आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांपलीकडच्या मोटारींसाठीं स्वतंत्र नोंदणीचा नियम केला. सांगाडा, वरची बांधणी आणि इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. ह्या तिघांत टायराचा उल्लेख नाहीं. गांवच्या गाडीवानाला जें ठाऊक होतें, तेंच राजपत्रांत आलें. धांव ही बदलण्यासाठींच असते.

वेरूळांत ह्या विचाराचीं दोन उदाहरणें जवळजवळ उभीं आहेत. कैलास हें एका अखंड पाषाणांतून वरून खालीं कोरीत आणलेलें मंदिर आहे. त्यांत सांधा नाहीं, म्हणून त्यांतील तुटलेला हात किंवा झिजलेलें चाक काढून दुसरें बसवितां येत नाहीं; तें आहे तसें जपणें एवढेंच आपल्या हातीं आहे. तेथून जवळच घृष्णेश्वराचें मंदिर आहे. तें दगडावर दगड रचून बांधलेलें. वेरूळच्या भोसले घराण्यांतील, शिवछत्रपतींचे आजोबा, मालोजीराजे ह्यांनीं त्याचा जीर्णोद्धार केला, आणि पुढें अठराव्या शतकांत अहिल्याबाईंनीं केला. दगड नवे आले, तरी देव तोच राहिला आणि दर्शनाची रांग तुटली नाहीं.

जुन्या मोटारींत कैलासासारखा भाग आहे आणि घृष्णेश्वरासारखाही आहे. सांगाडा, बांधणी आणि इंजिन हीं कैलासाच्या जातीचीं. त्यांना हात लावतांना दहा वेळां विचार करावा. टायर दुसऱ्या जातीचा. तो वेळच्या वेळीं बदलावा, पण गाडीचा घेर मोजून, तिच्या अंगीं किती जोर सोसण्याचें बळ आहे तें ओळखून. एवढें ज्यानें पाळलें, त्याच्या नातवंडांना ती मोटार केवळ कांचेआड पाहावी लागणार नाहीं. एखाद्या हिंवाळ्यांतील सकाळीं तींत बसून त्यांना दौलताबादेवरून वेरूळचा घाटही चढतां येईल.